तांबड्या हरणांचे माजकालीन निरीक्षण

तांबड्या हरणांचे माजकालीन निरीक्षण : समखुरी गणाच्या सर्व्हिडी (मृग) कुलातील तांबडे हरिण (सर्व्हस एलॅफस) हा यूरोपातील मोठ्या वन्य प्राण्यांपैकी एक होय. वर्षातील बहुतेक काळ हा प्राणी माणसापासून दूर राहतो व चाहूल लागताच दिसेनासा होतो; परंतु शरद ऋतूत, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत, विणीच्या हंगामात नर उघड्या जागी येतात, दिवसरात्र डुरकतात व माद्यांच्या कळपांसाठी परस्परांशी स्पर्धा करतात. या काळात त्यांचे वर्तन दुरून, त्यांना न बिचकवता पाहता येते व नोंदविता येते. प्राण्यांच्या वर्तनाविषयीच्या आधुनिक ज्ञानात अशा निरीक्षणांनी महत्त्वाची भर घातली आहे. मात्र ज्या काळात हरिण सर्वांत सहज दिसते, त्याच काळात त्याच्या शक्तीचा सर्वाधिक व्यय होत असतो. त्यामुळे निरीक्षकाच्या निष्काळजीपणाची किंमत प्राण्याला मोजावी लागते. पाहावे कसे, याइतकेच कोठे थांबावे, हेही या विषयात म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

प्राण्याचा परिचय : तांबड्या हरणाचा नैसर्गिक प्रसार यूरोपचा बराच भाग, आशिया मायनर, कॉकेशस, इराणचा काही भाग आणि उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया व ट्युनिशिया येथे आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना व चिली या देशांत माणसाने ते नेऊन सोडले आहे. उत्तर अमेरिकेतील वॅपिटी व काश्मीरमधील हंगुल यांना पूर्वी याच जातीच्या उपजाती मानीत. आता जनुकीय पुराव्यांवरून वॅपिटीची सर्व्हस कॅनाडेन्सिस व मध्य आशियाई हरणांची सर्व्हस हंगलू अशा स्वतंत्र जाती मानण्याकडे कल आहे. ब्रिटनमधील पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन 90 ते 190 किग्रॅ. व खांद्याजवळील उंची 107 ते 137 सेंमी. असते, मादी लहान असून तिचे वजन 63 ते 120 किग्रॅ. असते. कार्पेथियन पर्वतातील नर याहून बरेच मोठे होतात. उन्हाळ्यात अंगावरील केस तांबूस तपकिरी असतात, तर हिवाळ्यात ते दाट व करडसर तपकिरी होतात. शेपटीभोवतीचा पिवळसर डाग दुरूनही ओळखू येतो.

शिंगे फक्त नरालाच असतात. ती भरीव हाडाची व फाटे फुटलेली असून दरवर्षी वसंत ऋतूत गळून पडतात. लगेच नवी शिंगे वाढू लागतात. वाढीच्या काळात त्यांवर रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशी मखमली त्वचा असते. ऑगस्टच्या सुमारास वाढ पूर्ण झाली म्हणजे ही त्वचा सुकते व नर झाडाझुडपांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. दोन्ही शिंगांवर मिळून बारा टोके असलेल्या नरास ब्रिटनमध्ये ‘राजेशाही’ म्हणण्याची प्रथा आहे. सर एडविन लँडसीअर यांच्या 1851 मधील ‘द मॉनर्क ऑफ द ग्लेन’ या चित्रामुळे असा नर स्कॉटलंडचे जणू प्रतीकच बनला. टोकांच्या संख्येवरून नराचे वय मात्र निश्चितपणे सांगता येत नाही. शिंगांचा आकार वयाप्रमाणेच आहारावर व आनुवंशिकतेवरही अवलंबून असतो.

माजाचे कारण व कालमान : वर्षातील इतर काळात नर व माद्या वेगवेगळ्या कळपांत राहतात. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले म्हणजे मेंदूतील तृतीय नेत्र पिंडातून रात्री स्रवणाऱ्या मेलॅटोनीन या हॉर्मोनाचा काळ वाढतो आणि त्यामुळे जनन ग्रंथींचे कार्य उद्दीपित होते. नराच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन हे हॉर्मोन मोठ्या प्रमाणात स्रवू लागते. मान जाड होते, तिच्यावर आयाळीसारखे लांब केस वाढतात व आवाज घोगरा होतो. उन्हाळाभर एकत्र चरणारे नर परस्परांना असह्य होऊन त्यांचे कळप फुटतात. हे चक्र प्रकाशाच्या कालावधीशी निगडित असल्याचा ठळक पुरावा दक्षिण गोलार्धात मिळतो. यूरोपातून न्यूझीलंडमध्ये नेलेल्या हरणांचा माज तेथील शरद ऋतूत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये येतो.

मादीचे मदचक्र सु. 18 दिवसांचे असून प्रत्यक्ष मदकाल एक दिवसाहूनही कमी असतो. गर्भधारणा न झाल्यास ती पुन्हा माजावर येते. त्या वर्षी न व्यालेल्या भाकड माद्या लेकुरवाळ्या माद्यांपेक्षा काहीशा आधी माजावर येतात. गर्भावधी सु. 235 दिवसांचा असल्याने पाडसे मेअखेरीस व जूनमध्ये, म्हणजे गवत उत्तम असताना जन्मतात. बहुधा एकच पाडस होते. जुळे क्वचितच होते. उशिरा जन्मलेल्या पाडसाला हिवाळ्यापूर्वी वाढीसाठी कमी अवधी मिळतो. शरद ऋतूतील काही आठवड्यांत सर्व धावपळ एकवटलेली दिसते, तिचे मूळ पुढच्या उन्हाळ्याच्या या गरजेत आहे.

नराचे वर्तन : सप्टेंबरच्या मध्यास बलिष्ठ नर आपापल्या परंपरागत माजस्थानांकडे जाऊ लागतात. एकच नर वर्षानुवर्षे त्याच दरीत परतल्याच्या नोंदी आहेत. तेथे तो पीटच्या काळ्या चिखलात लोळतो, गवत व हीदरची झुडपे शिंगांनी उपटतो आणि स्वतःच्या पोटावर व आयाळीवर मूत्राचे फवारे सोडतो. त्याचा उग्र दर्प माणसालाही वाऱ्याच्या दिशेने बऱ्याच अंतरावरून जाणवतो. शिंगांत अडकलेले गवत आणि चिखलाने काळे पडलेले अंग यांमुळे तो एरवीपेक्षा मोठा व भयप्रद दिसतो.

माद्यांचा एखादा गट सापडला म्हणजे नर त्याला घेरून ‘जनानखाना’ राखू लागतो. त्यात दोन-तीन माद्यांपासून वीसपर्यंत, क्वचित अधिक माद्या असतात. मान लांबवून व हनुवटी उचलून तो मादीमागे काही पावले धावतो, तिच्या मूत्राचा वास घेऊन वरचा ओठ मुडपतो व ती माजावर आली आहे काय, हे अजमावतो. बाहेर पडू पाहणाऱ्या मादीस तो वळसा घालून परत आणतो. या सर्व काळात तो फारच थोडे खातो. उन्हाळ्यात साठविलेली चरबी खर्च होऊन महिन्याभरात त्याच्या वजनात सु. एक-पंचमांशापर्यंत घट होऊ शकते. हंगामाच्या अखेरीस खोल गेलेल्या कुशीचा, मंद चालीचा नर दिसतो, तो बहुधा पहिल्या आठवड्यात जनानखाना राखणाऱ्यांपैकीच असतो. अशा स्थितीत त्याला हिवाळ्यास तोंड द्यावे लागते.

डुरकणे : बैलाच्या डुरकीची आठवण करून देणारा, परंतु अधिक लांबलेला व घोगरा असा नराचा आवाज शांत हवेत फार दूरवर ऐकू येतो. जनानखाना राखणारा नर सर्व प्रहरी डुरकत असतो व प्रतिस्पर्धी समोर आला म्हणजे डुरकण्याचा वेग पुष्कळच वाढवितो. टी. एच्. क्लटन-ब्रॉक व एस्. डी. ॲल्बन यांनी रम बेटावरील निरीक्षणांवरून 1979 मध्ये असे दाखविले की, हा केवळ आवेशाचा उद्गार नसून परस्परांचे बळ जोखण्याचे साधन आहे. डुरकताना छातीच्या स्नायूंवर मोठा ताण पडतो. म्हणून थकलेल्या वा दुबळ्या नरास बलिष्ठ नराच्या वेगाने फार काळ डुरकता येत नाही. ध्वनिमुद्रित आवाज ऐकविला असताही नर त्याला आपल्या कुवतीनुसार प्रत्युत्तर देतात. बळाची बतावणी करणे ज्याला शक्य नाही, अशा ‘प्रामाणिक’ संकेताचे हे उदाहरण प्राणिवर्तनविज्ञानात प्रसिद्ध आहे.

पुढील संशोधनाने या विवेचनात भर घातली. नराचे स्वरयंत्र मानेत पुष्कळ खाली असते व डुरकताना ते उरोस्थीपर्यंत आणखी खाली ओढले जाते. त्यामुळे स्वरमार्ग लांबून आवाजातील अनुस्पंदनी कंप्रता खाली येतात व आवाज भारदस्त होतो. टेकम्सी फिच व डेव्हिड रेबी यांनी 2001 मध्ये हे वर्णन केल्यावर, खाली सरकलेले स्वरयंत्र हे केवळ मानवाचेच वैशिष्ट्य असल्याची समजूत मागे पडली. स्वरयंत्र उरोस्थीपलीकडे जाऊ शकत नसल्यामुळे लहान देहाच्या नराला मोठ्याचा आवाज काढता येत नाही. रेबी व कॅरन मॅकोम यांनी 2003 मध्ये दाखविल्याप्रमाणे या कंप्रतांचा नराच्या वयाशी व वजनाशी संबंध असतो. तत्पूर्वी 1987 मध्ये मॅकोम यांनी नराचे डुरकणे ऐकविलेल्या माद्या लवकर माजावर येतात, असे प्रयोगाने सिद्ध केले होते. अर्थात हा आवाज प्रतिस्पर्ध्याइतकाच मादीलाही उद्देशून असतो.

समांतर चाल व झुंज : प्रतिस्पर्धी नर प्रथम दोनतीनशे मीटरांवर थांबून डुरकण्याची देवघेव करतात. पुष्कळ प्रसंगी येथेच एक जण माघार घेतो. निर्णय न लागल्यास दोघे जवळ येऊन काही मीटरांच्या अंतराने शेजारी-शेजारी, अंग ताठ ठेवून येरझारा घालू लागतात. या समांतर चालीत प्रत्येकाला दुसऱ्याचा देह व शिंगे जवळून पाहता येतात. अखेर एक जण वळून शिंगे खाली करतो व दुसरा ते आव्हान स्वीकारतो. शिंगांत शिंगे अडकवून, उताराची वरची बाजू मिळविण्याचा प्रयत्न करीत ते परस्परांना रेटतात. मागे रेटला गेलेला अंग सोडवून पळतो. झुंज काही मिनिटांतच संपते.

झुंजीतील धोका खरा असतो. रम बेटावरील अभ्यासानुसार माजाच्या हंगामात पूर्ण वाढलेल्या नरांपैकी सु. 23 टक्के नरांवर इजेच्या खुणा आढळल्या व 6 टक्क्यांपर्यंत नरांना कायमची इजा झाली. डोळा जाणे, पाय मोडणे वा शिंग तुटणे यामुळे नराचे पुढील हंगामही वाया जाऊ शकतात. शिवाय दोन बलिष्ठ नर झुंजत असता आजूबाजूला घुटमळणारे तरुण नर माद्या पळवून नेतात. अशा परिस्थितीत विजय अनिश्चित असेल तेव्हाच झुंजणे व एरवी आवाजावर भागविणे हे दोघांच्याही हिताचे ठरते. केवळ झुंज पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्या निरीक्षकाचा बहुधा हिरमोड होतो. पण झुंज का टळली, हे ज्याला कळते त्याने हंगामाचे खरे मर्म पाहिलेले असते.

माद्यांचे वर्तन : नराच्या आवाजामुळे निरीक्षकाचे लक्ष त्याच्याकडेच वेधले जाते, तथापि नर जेथे जातात ते ठिकाण माद्याच ठरवितात. आई, तिच्या मुली व नाती यांचे गट उत्तम गवताच्या जागी वर्षभर राहतात आणि नर तेथे येतात. स्पेनमधील दोन्याना येथे काही नर माद्यांना घेरण्याऐवजी त्यांच्या चरण्याच्या जागेभोवतीच आपले क्षेत्र राखतात, असे आढळले आहे. जनानखाना हा शब्दही काहीसा फसवा आहे. माद्या एका गटातून दुसऱ्या गटात जात-येत असतात व त्यांना रोखणे नराला नेहमीच साधत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रम येथील अभ्यासात मदकालाच्या सुमारास माद्यांची अशी ये-जा वाढत असल्याचे दिसले, परंतु त्या पसंतीच्या नराकडे जातात, याचा पुरावा मिळाला नाही. म्हातारी, अनुभवी मादी मान उंचावून एकटक पाहू लागली की सर्व कळप सावध होतो. निरीक्षकाला हुलकावणी देणारी बहुधा तीच असते.

अभ्यासाचा इतिहास : शतकानुशतके या हरणाविषयीचे ज्ञान शिकारी व मृगयाक्षेत्रांचे रखवालदार यांच्याकडेच होते. फ्रँक फ्रेझर डार्लिंग (1903–79) यांनी वायव्य स्कॉटलंडमधील डोंगरांत एका कळपाचा दीर्घकाळ माग ठेवून 1937 मध्ये ‘ए हर्ड ऑफ रेड डिअर’ हा ग्रंथ लिहिला. बंदूक न घेता, केवळ पाहण्यासाठी हरणांमागे जाण्याच्या पद्धतीस त्यामुळे शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली. माद्यांच्या मातृप्रधान गटांचे महत्त्वही त्यांनी ओळखले होते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस इनर हेब्रिडीझ द्वीपसमूहातील रम हे सु. 105 चौ. किमी. क्षेत्रफळाचे बेट 1957 मध्ये निसर्गसंरक्षणासाठी शासकीय संस्थेने विकत घेतले. त्याच्या उत्तर भागातील किलमोरी दरीत 1970 नंतरच्या दशकाच्या प्रारंभी प्रत्येक हरणाची स्वतंत्र ओळख ठेवून अभ्यास सुरू झाला व तेथील हरणे मारणे थांबविण्यात आले. क्लटन-ब्रॉक, फिओना गिनेस व ॲल्बन यांचा 1982 मधील ‘रेड डिअर : बिहेव्हिअर अँड इकॉलॉजी ऑफ टू सेक्सेस’ हा ग्रंथ याच कामावर आधारलेला आहे. एखादा प्राणी जन्मापासून मृत्यूपर्यंत ओळखीचा असल्यामुळे त्याला एकूण किती संतती झाली, हे येथे सांगता येऊ लागले. नराचा बहराचा काळ सु. सात ते दहा वर्षे वयाचा असतो. त्यापूर्वी व त्यानंतर त्याला माद्या राखणे कठीण जाते. काही थोड्या नरांना पुष्कळ संतती होते व अनेकांना एकही होत नाही; माद्यांत हा फरक बराच कमी असतो. पुढे जनुकीय चाचण्यांनी पितृत्व निश्चित करता येऊ लागल्यावर, जनानखान्यात दिसणारा नर हाच प्रत्येक पाडसाचा पिता असतो असे नाही, हेही स्पष्ट झाले.

निरीक्षणाची स्थळे : स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील वृक्षहीन माळ दुरून पाहण्यास सोयीचे आहेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एक्समूर व वायव्येस लेक डिस्ट्रिक्टमधील मार्टिनडेल येथे वन्य कळप आहेत. आयर्लंडमधील किलार्नी राष्ट्रीय उद्यानातील हरणांचे पूर्वज सु. 5,000 वर्षांपूर्वी माणसाने तेथे आणले, असे 2012 मधील जनुकीय संशोधनावरून दिसते. स्पेनमध्ये माज सप्टेंबरमध्येच भरात येतो. तेथे या काळास ‘बेर्रेआ’ म्हणतात व तिन्हीसांजेला हरणांचे डुरकणे ऐकण्यासाठी मोन्फ्रागुए व काबान्येरोस या राष्ट्रीय उद्यानांत लोक मुद्दाम जातात. लंडनमधील रिचमंड पार्क 1637 मध्ये पहिल्या चार्ल्सने शिकारीसाठी कुंपण घालून बंदिस्त केले. तेथील हरणे पूर्णतः वन्य नाहीत. परंतु माणसांना सरावलेली असल्यामुळे वर्तनाचे टप्पे शिकण्यास नवशिक्याला ती उपयोगी पडतात.

निरीक्षणाची पद्धत : हरणाचे प्रमुख ज्ञानेंद्रिय नाक होय. निरीक्षक कितीही लपला, तरी वारा त्याच्याकडून हरणाकडे वाहत असल्यास श्रम व्यर्थ जातात. म्हणून प्रथम वाऱ्याची दिशा पाहावी व वारा अंगावर घेतच पुढे जावे. दऱ्यांमध्ये वारा भोवंडून उलट येतो, हे ध्यानात ठेवावे. पहाटेचा व सूर्यास्तापूर्वीचा काळ सर्वांत चांगला. हंगामाच्या भरात मात्र दिवसभर हालचाल चालू असते. उजाडण्यापूर्वीच जागेवर जाऊन बसणे हे उजेडात चालत जाण्यापेक्षा श्रेयस्कर होय. हरणाच्या डोळ्यात रंगग्राही शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्याने त्याला तांबडा रंग आपल्यासारखा जाणवत नाही. हालचाल मात्र तत्काळ जाणवते. कपड्यांच्या रंगापेक्षा स्तब्धता अधिक महत्त्वाची आहे. टेकडीच्या माथ्यावर उभे राहिल्यास आकृती आकाशावर उमटते. यासाठी उताराच्या पोटाशी, खडक पाठीशी घेऊन बसावे. आठ वा दहा पट वर्धनाची दुर्बीण सामान्यतः पुरते. शिंगांची टोके मोजण्यासाठी तिकाटण्यावरील मोठी दुर्बीण उपयोगी पडते.

एकाच जागी अनेक दिवस बसणे हे रोज नव्या दरीत हिंडण्यापेक्षा फलदायी ठरते. शिंगांची ठेवण, कानाची चीर, अंगावरील व्रण यांवरून नर ओळखू येऊ लागले म्हणजे प्रत्येकास क्रमांक द्यावा. तारीख, वेळ, वारा व पाऊस, नराजवळील माद्यांची संख्या, पाच मिनिटांतील डुरकण्यांची संख्या, आलेले प्रतिस्पर्धी व निकाल यांची नोंद ठेवावी. काय दिसले व त्यावरून काय वाटले, हे वेगवेगळे लिहावे. असे दोन आठवडे केल्यास तोच नर प्रथम दरीचा स्वामी, नंतर मंदावत गेलेला व शेवटी तरुण नराला वाट देणारा असा दिसतो. एका सकाळच्या फेरीत हे कधीच उमगत नाही.

दक्षता : माणसाला पाहून कळप उधळला, तर नराने तासन्‌तास राखलेल्या माद्या क्षणात पांगतात व त्या पुन्हा गोळा करण्यात त्याची आधीच घटत असलेली शक्ती खर्च होते. हरणांनी मान उंचावून टक लावणे, पाय आपटणे व भुंकल्यासारखा तुटक आवाज काढणे ही निरीक्षक फार जवळ आल्याची चिन्हे होत. ती दिसताच थांबावे व कळप चरू लागल्यावर मागे फिरावे. छायाचित्रासाठी पाठलाग करणे किंवा डुरकण्याची नक्कल करून नरास बोलावणे सर्वथा वर्ज्य समजावे. माणसांना सरावलेल्या उद्यानांतील नर या काळात अंगावर येऊ शकतात. तेथे किमान 50 मी. अंतर ठेवावे, दोन नरांच्या अथवा नर व माद्या यांच्या मध्ये कधीही जाऊ नये व कुत्रा जवळ नेऊ नये. हीदर व नेचे यांत गोचीड असतात व त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. परतल्यावर अंग तपासणे आवश्यक असते.

स्कॉटलंडमध्ये हाच नरांच्या शिकारीचाही काळ आहे. पूर्वी तेथे नराची शिकार 1 जुलै ते 20 ऑक्टोबर या काळातच करता येत असे. 2023 मध्ये नरांसाठी असलेला बंदीचा काळ रद्द करण्यात आला. 2003 च्या भूमिसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकास डोंगरांत फिरण्याचा हक्क दिला आहे. तथापि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या दिवशी कोठे शिकार चालू आहे, याची चौकशी करून जाणे इष्ट होय.

समस्या व बदल : लांडग्यांचा निर्वंश झाल्यानंतर ब्रिटनमध्ये प्रौढ हरणांना नैसर्गिक शत्रू उरला नाही. स्कॉटलंडमध्ये त्यांची संख्या काही लाखांवर गेली असून कोवळी झाडे खाल्ली गेल्यामुळे जंगल पुन्हा वाढत नाही. यासाठी दरवर्षी हरणे मारून संख्या आवरली जाते. मृगप्रेमींना हे रुचत नाही; परंतु किलमोरीत हरणे मारणे थांबविल्यावर त्यांची दाटी वाढली, हिवाळ्यात मरणाऱ्या पाडसांचे प्रमाण वाढले व नरांच्या संख्येवर विशेष विपरीत परिणाम झाला. शिकार थांबली, तरी मृत्यू थांबला नाही. तो उपासमारीच्या रूपाने आला. दुसरी समस्या संकराची आहे. 1860 मध्ये ब्रिटिश बेटांत आणलेल्या जपानी सिका हरणाशी तांबड्या हरणाचा संकर होतो. आयर्लंडमधील विक्लो येथे व स्कॉटलंडच्या किंटायर भागात अशी मिश्र हरणे आढळतात. सिका नर डुरकत नाही, तीव्र शीळ घालतो. त्यामुळे अशा प्रदेशात कानांनी केलेली नोंदही महत्त्वाची ठरते.

हवामानातील बदलाचा परिणामही दिसू लागला आहे. रम येथील 28 वर्षांच्या नोंदींच्या 2011 मधील विश्लेषणात माजाचा प्रारंभ, शिंगांवरील त्वचा गळणे, पाडसांचा जन्म इ. घटना 5 ते 12 दिवसांनी अलीकडे आल्याचे आढळले. जन्मतारखेतील या बदलात आनुवंशिक उत्क्रांतीचाही वाटा असल्याचे 2019 मध्ये दाखविण्यात आले. एकेका सकाळी लिहिलेल्या साध्या ओळी अनेक वर्षे सांभाळल्या गेल्या नसत्या, तर हा बदल कोणाच्या लक्षातही आला नसता.

भारतातील संबंध : तांबड्या हरणाचा भारतातील निकटचा आप्त म्हणजे काश्मीरचा हंगुल होय. त्याचे मुख्य आश्रयस्थान श्रीनगरजवळील सु. 141 चौ. किमी.चे दाचिगाम राष्ट्रीय उद्यान असून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथील खालच्या दरीत नरांचा आवाज घुमतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारोंनी असलेली ही हरणे 2004 च्या गणनेत 197 व 2008 मध्ये 127 भरली. 2019 मध्ये ती 237 होती. त्यांना 1972 च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. जेथे माद्या इतक्या थोड्या आहेत, तेथे माजाच्या काळातील प्रत्येक व्यत्ययाचा परिणाम रम बेटापेक्षा कितीतरी अधिक गंभीर ठरतो.

मध्य भारतातील हरणांचे ऋतुमान निराळे आहे. कान्हा येथील बारशिंग्यांचा माज डिसेंबर-जानेवारीत, तर चितळांचा उन्हाळ्यात भरास येतो. मेळघाट व ताडोबा येथील सांबर नर हिवाळ्याच्या प्रारंभी चिखलात लोळताना व झुडपांवर शिंगे घासताना दिसतो. तांबड्या हरणाप्रमाणे मोठे जनानखाने मात्र तो राखीत नाही. दाट जंगल व वाघाचा वावर यांमुळे येथे उघड्यावर बसून पाहण्याची स्कॉटलंडमधील रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. तरीही वारा ओळखणे, एकेक प्राणी ओळखून ठेवणे, एकाच पाणवठ्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे आणि प्राणी बिचकण्यापूर्वी मागे फिरणे ही तत्त्वे येथेही तितकीच उपयुक्त आहेत.